रद्दी कागद, पोती चार

सांगवी,
६ जानेवारी २०२५

युनूस,

ठण्. ठण्. ठण-ठण.

ओळखलंस का? दुपारचा भोंगा संपला की कँटीनच्या मागच्या खोलीत तू लोखंडी कपाटाच्या दारावर पाना वाजवायचास. दोन ठोके सावकाश, दोन घाईत. म्हणजे वाचनालय उघडलं. परवा आमच्या जिन्यावरून कोणीतरी गॅसचं सिलिंडर आपटत नेलं आणि पहिले दोन ठोके अगदी तसे पडले. मी चहाचा कप हातात धरून पुढच्या दोनांची वाट बघत राहिलो. कुसुम म्हणाली, "काय हो, समाधी लागली का?"

साडेअडतीस वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं केलं असशील. पत्ता कुसुमने मोबाईलवर शोधला. तौफिक ऑटो गॅरेज, तळेगाव दाभाडे, स्टेशन रस्ता. तौफिक म्हणजे तुझा धाकटा ना? कंपनीच्या मेळाव्यात तुझ्या खांद्यावर बसून माझी टोपी ओढणारा? खाली फोन नंबरही होता. पण तू "कोण?" म्हणाला असतास तर मला नाव सांगायला जमलं नसतं. कागदावर जमतं.

तर काम असं आहे. हसू नकोस. मी बी.ए. करतोय. मुक्त विद्यापीठाचं, मराठी विषय घेऊन. बहात्तरावं चालू आहे. दर रविवारी चिंचवडला वर्ग असतो. आमच्या स्वरूपा मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, पण मी उभं राहून उत्तर दिलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि बसून दिलं की मला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, आजोबा, कशासाठी शिकताय? मी म्हटलं, शाळेतल्या कविता पुन्हा परीक्षेसाठी वाचायला मिळाव्यात म्हणून. हे खरंच आहे. आत्ताही सहावीचं कवितांचं पुस्तक टेबलावर उघडं आहे, तपकिरी पुठ्ठ्याचं. चाली सगळ्या पाठ आहेत. कुसुम म्हणते, देवाच्या पोथीचीही नसतील इतकी त्याची पानं मऊ झालीत.

आता मॅडमनी एक निबंध लिहायला सांगितलाय, दोन हजार शब्दांचा. आपल्या परिसरातली एक विसरलेली गोष्ट निवडायची. तिच्याबद्दल किमान चार साधनं गोळा करायची. साधन म्हणजे छापील काही, हस्तलिखित काही, कोणाची तोंडी आठवण. मग ती ताडून बघायची, कुठे जुळतात, कुठे नाही, आणि शेवटी सगळ्यांतून आपलं एक म्हणणं उभं करायचं. १६ फेब्रुवारीला द्यायचाय.

वर्गातल्या पोरांनी नद्या, देवळं, चाकणचा कांदाबाजार असं घेतलं. मी आपलं वाचनालय घेतलं. 'एका कामगार वाचनालयाचा शेवट.' दोनशे बारा पुस्तकं, एक कपाट, दोन किल्ल्या, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आपल्या दोन ओळी:

कपाट उघडा, धूळ झटका, या रे सारे या,
बोटांवरचं तेल पुसा अन् मग पुस्तक घ्या.

पहिली माझी, दुसरी तुझी. तुझीच चांगली आहे, हे मी तेव्हा म्हणालो नव्हतो.

वाचनालय गेलं आणि त्याच सुमाराला आपलंही बोलणं बंद झालं. ते असो. मला निबंधापुरतं तुझ्याकडून एक पानभर हवंय. तुला जे आठवतं ते, जसं आठवतं तसं. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय.

रहमतभाभींना नमस्कार.

दौलत


सांगवी,
२० जानेवारी २०२५

युनूस,

पाकीट परत आलं नाही. टपालाचं हल्ली काही सांगता येत नाही, असं मी कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, टपालाचं सांगता येतं, तुमचंच येत नाही.

मी तुझ्यावाचूनच निबंध पुरा करून मॅडमना दाखवला. फार सुबक अक्षरात, लाल शाईची मथळ्यांना रेघ मारून. चार साधनं झाली होती. पहिलं, कंपनीचं गृहमासिक, जुलै ८६ चा अंक. त्यात छापलंय की वाचनालयातले ग्रंथ जवळच्या शाळेस भेट देण्यात आले. दुसरं, बोर्डावरची नोटीस, तारीख १८ जून. खोली सुट्या भागांच्या भांडारासाठी घेण्यात येत आहे. तिसरं, फाटकावरच्या रजिस्टरातली नोंद. चौथं, माझी डायरी.

शाळेत मी स्वतः जाऊन आलो. बाईंनी जुनी आवक वही काढून दिली, चहाही दिला. पुस्तकांची नोंद नाही. शिपाई म्हणाला, कंपनीने एकदा घंटा दिली होती, ती वाजते अजून. म्हणजे पहिलं साधन खोटं निघालं. मला त्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू. कोणाचं तरी खोटं सापडलं की आपण आपोआप खरे वाटायला लागतो.

मॅडमनी निबंध परत दिला. म्हणाल्या, "आजोबा, भाषा गोड आहे. पण तुम्ही साधनं एकाखाली एक ठेवलीत. एकमेकांसमोर बसवली नाहीत." मग त्यांनी तिसऱ्या साधनावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही फाटकावरची नोंद तुमच्याकडे कशी आली? मी म्हटलं, मीच उतरवून घेतली होती, डायरीत. म्हणाल्या, म्हणजे तिसरं आणि चौथं एकाच माणसाच्या हातचं. आणि ज्या माणसावर ही नोंद आरोप करते त्याचं म्हणणं कुठाय?

आरोप हा शब्द मी निबंधात वापरला नव्हता, युनूस. मी फक्त ओळ लिहिली होती: '१७ जून, ५.४५. रद्दी कागद, पोती चार. सही, युनूस.' आणि खाली माझं एक वाक्य की यावरून पुस्तकांचं काय झालं ते वाचकाने समजावं. मॅडमनी समजून घेतलं, इतकंच.

मी त्यांना तेव्हा जसं दिसलं तसं सांगितलं. मंगळवारी सतराला मी साडेचारला कपाटाला कुलूप लावून घरी गेलो. बुधवारी सकाळी येऊन बघतो तर खोली रिकामी आणि बोर्डावर अठराची नोटीस. फाटकावर जाऊन रजिस्टर उघडलं तर सतराच्या पानावर तू. तुझी त्या आठवड्यात तिसरी पाळी. रात्री येणारा माणूस संध्याकाळी पावणेसहाला कंपनीत कशाला आला? खोली जाणार हे कोणाला कळायच्या आधी, आदल्या दिवशीच पुस्तकं पोत्यात भरून रद्दी म्हणून बाहेर कशी गेली? मी तपासणी खात्यातला माणूस. माप जुळत नसलं की मशीनवरून आलेला जॉब बाद. इतकं सरळ होतं ते.

मॅडम ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, तुम्ही त्यांना विचारलंत का?

विचारलं नव्हतं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तुझं ताट पुढे सरकवून मी म्हणालो होतो, "अखेर बापाच्याच धंद्यावर गेलास." तुझ्या अब्बांचं चिखलीच्या रस्त्याला भंगाराचं दुकान होतं आणि त्या दुकानात मी किती वेळा चहा प्यायलो होतो ते मला त्या वेळी आठवलं नाही. तू हळू आवाजात म्हणालास, "चल, दाखवतो तुला." मी आलो नाही. हे मी मॅडमना सांगितलं नाही. तुला सांगण्यात अर्थ नाही, तू तिथेच होतास. पण मी ते लिहिलेलं तू बघावंस असं वाटलं.

मॅडमनी मुदत वाढवलेली नाही. आणि एक साधन कमी आहे म्हणाल्या.

थंडी बरी आहे इथे. सकाळी नदीच्या पुलावरून फिरून येतो आणि ते सहावीचं पुस्तक घेऊन उन्हात बसतो. पहिल्या पानावरचा आपला जांभळा शिक्का अजून पुसला गेलेला नाही, हे तुला बघायला आवडेल.

दौलत


सांगवी,
३ फेब्रुवारी २०२५

युनूस,

या वेळी तिकिटाचं पाकीट ठेवत नाही. उत्तर मागायचा मला हक्क राहिलेला नाही, ते का ते लिहितो.

दत्तोबा आठवतो? फाटकावरचा, भल्या थोरल्या मिशांचा. मावळातल्या आपल्या गावी असतो आता. मॅडमनी तोंडी साधन वाढवा म्हटलं म्हणून मी लोकलने गेलो आणि पुढे सहाआसनी रिक्षाने. कान गेलेत, पण मिशा आहेत. मी वही काढून बसलो, तर आधी म्हणाला, "लिवू नका सायेब, आदी ज्येवा."

जेवल्यावर मी त्याला माझ्या डायरीतली ओळ वाचून दाखवली. सतरा जून, पावणेसहा, पोती चार. तो म्हणाला, "मंग? सकाळच्या पावनेसहालाच गेली की पोती. म्या सवता सायकलच्या क्यारेलला बांदू लागलो."

मी म्हटलं, सकाळच्या म्हणजे अठराच्या. पान तर सतराचं आहे.

"पान सकाळी सातला बदलायचं," दत्तोबा म्हणाला. "तिसरी पाळी सुटली का नवं पान. राती बाराला पान उलटायला म्या काय जोतिषी हाय?"

मी भिंतीला टेकून बसलो. वीस वर्षं जनरल पाळीत काढली, युनूस. सकाळी आठ ते साडेचार. तिसऱ्या पाळीची हजेरी आदल्या दिवसाच्या तारखेला लागते हे मला मस्टरपुरतं माहीत होतं. फाटकावरचं पानही पाळीबरोबर चालत असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि पावणेसहा म्हटल्यावर मला संध्याकाळच दिसली, कारण पहाटेचे पावणेसहा कंपनीत मी कधी बघितलेच नव्हते. त्या पानावर तुझ्या ओळीच्या वर काय होतं? खाली काय होतं? वरची ओळ पहाटेच्या दुधाच्या गाडीची असणार. बघितली असती तर एका क्षणात कळलं असतं. मी एकच ओळ उतरवून घेतली आणि वही मिटली.

पुढचं दत्तोबानेच सांगितलं. पहाटे चारला भांडाराचे साहेब आले, म्हणाले, सातच्या आत खोली मोकळी, कागदपत्र काय असेल ते भट्टीत. नोटीस त्यांच्या खिशातच होती, तीच चिकटवली. तू मशीन बंद करून आलास. पुस्तकं म्हणून न्यायची तर मॅनेजरची सही लागली असती आणि मॅनेजर घरी झोपलेला. रद्दी म्हणून न्यायला पाळीच्या सुपरवायझरची पुरे. "तवा त्येनी रद्दी लिवलं," दत्तोबा म्हणाला. "लिवताना तोंड बगायला पायजे व्हतं. मानूस मेल्यागत."

तू तो शब्द लिहिलास पुस्तकं वाचवायला, आणि मी तोच शब्द तुझ्या तोंडावर मारला.

तपासणी खात्यात नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी सांगायचो, तीन हत्यारांनी तीन मापं दाखवली तर जॉबला शिव्या देऊ नकोस. आधी स्वतःच्या हातातल्या मायक्रोमीटरचा शून्य तपास. किती जणांना सांगितलं असेन. आणि माझी डायरी मी एकदाही तपासली नाही.

आता शेवटचं. हे मी आजवर कुसुमलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. कँटीनमधल्या भांडणानंतर मी पर्सोनेल खात्यात लेखी अर्ज दिला. तुझ्याविरुद्ध. चौकशी झाली, तुला दोन दिवस घरी बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी तू राजीनामा देऊन गेलास. सगळ्यांना वाटलं साहेबाने केलं. तुला माहीत होतं का कोणी केलं? मला कधी कळलं नाही. तू तळेगावला गॅरेज टाकलंस, बरं चाललं असं उडत उडत ऐकलं आणि मला बरं वाटायचं. आपोआप फिटलं, असं वाटायचं. तसं काही फिटत नाही.

कुसुम भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "हे पत्र स्वतः पेटीत टाका. मी टाकणार नाही."

टाकतो.

दौलत


सांगवी,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

युनूस,

निबंध झाला. काल मॅडमना फोनवर शेवट वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आजोबा, आता साधनं एकमेकांशी बोलतायत. मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना सहावीतली एक कविता चालीवर म्हणून दाखवली. त्यांना वर्गाला उशीर झाला.

शेवट तुझ्यासाठी इथे उतरवतो: 'गृहमासिक खोटं बोलतं, कारण त्याला छान दिसायचं आहे. नोटीस खरं बोलते, पण कमी. रजिस्टर खरं बोलतं, पण त्याच्या स्वतःच्या घड्याळाने. सर्वांत जास्त विश्वास ज्या साधनावर ठेवला गेला ती लेखकाची डायरी आहे, आणि चूक तिचीच आहे. दोनशे बारा पुस्तकं युनूस यांनी जळण्यापासून वाचवली. पुढे ती कुठे गेली हे या लेखकाला माहीत नाही, कारण त्याला दाखवतो म्हणाले होते तेव्हा तो गेला नाही.'

मॅडम म्हणतात, माहीत नाही असं लिहिणं हाही निष्कर्षच असतो. गुण कापणार नाहीत. येत्या रविवारी देऊन टाकतो. तुझं पान नसलेला निबंध. मी त्या जागी एक ओळ कोरी सोडलीय, तशी सोडायची पद्धत नाही, पण सोडलीय.

गंमत म्हणजे मन हलकं आहे. तू उत्तर देणार नाहीस हे धरून चाललोय आणि तरी हलकं आहे. सकाळी पुलावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, धोब्याने शर्ट टाकावेत तसे. तुला असलं काही दाखवलं की तू म्हणायचास, राव, तू तपासणीत कसा काय आलास. आज गुरुवार, वीज दुरुस्तीचा वार, तुमच्याकडेही लाईट नसणार, गॅरेज बंद असेल. तू काय करत असशील असा विचार

थांब. जाळीचं दार वाजतंय.

ठण्. ठण्. ठण-ठण.

युनूस, हे पुढचं मी उभ्या उभ्या लिहितोय. रहमतभाभी आल्यात. एकट्या, तीन जिने चढून, दारात धापा टाकत, हातात किल्ली आणि काखेत एक लांबोडकी वही. मी तू म्हणून दार उघडलं होतं. त्यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. आपली देवघेव वही. तुझं अक्षर, पुढे कोणाकोणाची, काल-परवापर्यंतची. तौफिकच्या गॅरेजातली पोरं दिसतात, नावापुढे तेलाचे अंगठे उमटलेत.

"दौलतभाऊ, पुस्तक न्यायला आलेय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, कोणतं?

"एकशे चौऱ्याऐंशी नंबर. सहावीच्या कविता. नऊ जून शहाऐंशीला नेलंत, ही तुमची सही. परत आल्याचा रकाना कोरा. दर वर्षी मोजतात हे, दोनशे अकराच भरतात, आणि दर वर्षी मला ऐकवतात."

मी टेबलाकडे बघितलं. ते तिथे उघडंच होतं, जांभळा शिक्का वर. अडतीस वर्षं मी त्या शिक्क्यावरून बोटं फिरवतोय आणि दोनशे बारा गेली म्हणून लिहितोय. निबंधातला आकडा बदलावा लागेल.

मी विचारलं, तो कुठाय? म्हणाल्या, "खाली गाडीत. गुडघ्यांनी चढवत नाही. म्हणाले, पाना नाही तर किल्लीने वाजव, दोन सावकाश, दोन घाईत, म्हणजे उठेल." मग त्यांनी कुसुमच्या हातचं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "तिन्ही पत्रं आली तुमची. अर्जाचं त्यांना तेव्हाच कळलं होतं, अक्षर ओळखीचं. मी म्हटलं, आता तरी उत्तर लिहा. म्हणाले, लिहून काय उपयोग, तो पुन्हा एकच ओळ उतरवून घेईल. त्यापेक्षा आणूनच दाखवतो."

म्हणजे तू मला तळेगावला न्यायला आला आहेस. दाखवायला.

कुसुम माझी चप्पल शोधतेय आणि भाभी तिला सांगतायत की पुस्तकं गॅरेजच्या माडीवर आहेत, कपाट तेच आहे, कंपनीने भंगारात काढलं तेव्हा अब्बांच्या दुकानातून उचललेलं. आणि तू खाली गाडीत बसलेला असताना मी वर बसून तुलाच पत्र लिहितोय, यावर दोघी हसतायत.

पुस्तक घेतलं. बोटांना शाई लागलीय. पुसतो आणि येतो.